कळसूबाईची वाट आणि आश्विनातली उसंत

सकाळी डोंगर चढायचा, माथा गाठायचा आणि दिवस मावळायच्या आत खाली उतरायचे, ही रीत आपल्याकडे साहेबाने आणली आणि पुढे शहरातल्या गिर्यारोहण संस्थांनी रुजवली, असे सर्रास मानले जाते. दोर, नकाशे आणि नोंदी ठेवण्याची शिस्त यांच्यापुरते ते खरेही आहे. लंडनचा अल्पाइन क्लब १८५७चा, आपल्याकडचा हिमालयन क्लब १९२८चा. पण एका दिवसात शिखर करून येण्याची, तीही पावसाळा सरत असताना, अशी वहिवाट हवी असेल तर १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईकडे पाहावे. महाराष्ट्रातल्या या सर्वांत उंच माथ्यावर मोजकीच माणसे मावतील एवढे देऊळ आहे. मंगळवारी तिथे पूजा होते आणि नवरात्रात जत्रा. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून किंवा उत्तरेकडच्या इंदोरे गावाच्या अंगाने माणसे चढतात, देवीला नारळ देतात आणि परततात. माथ्यावरच्या देवळात वस्तीला जागाच नाही, त्यामुळे ही यात्रा दिवसाचीच असणार.

साहेबाने डोंगराशी जोडलेले नाते वेगळे होते. महाबळेश्वर आणि माथेरान ही एकोणिसाव्या शतकात वसलेली ठाणी राहण्यासाठी होती. बंगले, बाजार, घोड्यांच्या वाटा, सगळे मुक्कामाच्या हिशेबाने. त्यांचा मुख्य हंगाम उन्हाळ्याचा. पाऊस सुरू झाला की ती रिकामी होत. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात तिथे पुन्हा वर्दळ होई, हे कबूल करायला हवे, पण तीही हवापालटाचीच. उलट ज्यांचे घरच डोंगराच्या कुशीत, त्या महादेव कोळ्यांना हवापालट कशाचा? त्यांच्या चढण्याला कारण वेगळे लागते.

ते कारण पंचांगात आहे, असे उत्तर लगेच मिळेल: घटस्थापना आली म्हणून माणसे चढली. पण पंचांगाने निवडलेला काळ शेताच्या कामात कुठे बसतो, ते पाहिले पाहिजे. या भागात खाचरांत भात, उतारांवर नागली, वरई आणि खुरासणी. आषाढात आवणी, मग बेणणी. तोवर मान वर करायला सवड नसते. आश्विनात दाणा भरू लागलेला असतो, हळवा भात कुठे कुठे कापणीला येतो, पण गरव्याची कापणी अजून दूर असते. खुरासणी पिवळी झालेली, झऱ्यांना पाणी, गवत उभे. कामाच्या दोन लोंढ्यांमधली ही उसंत. घटात धान्य पेरून त्याचे अंकुर पाहण्याचा विधीही याच दिवसांतला, हा निव्वळ योगायोग मानायला मी तयार नाही.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. नवरात्र चांद्र तिथीने येते, ऋतूने नाही. २०२३मध्ये घटस्थापना १५ ऑक्टोबरला होती, तर २०२५मध्ये २२ सप्टेंबरला. तीन आठवड्यांहून अधिक फरक. हवामान खात्याच्या सुधारित सरासरीनुसार मान्सून मुंबईतून ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघारी फिरतो, म्हणजे नवरात्र लवकर आले तर वाट ओलीच असणार. हे खरे आहे. पण यातून एवढेच सिद्ध होते की निरभ्र आकाश ही या यात्रेची अट नव्हती. अधिक महिन्याच्या तजविजीमुळे तिथी ऋतूपासून फार दूर सरकत नाही. पुढेमागे झाली तरी ती आवणीत शिरत नाही आणि बहुतेक वेळा कापणीच्या ऐन गर्दीआधीच संपते. शेतकऱ्याला मोकळे हात हवे होते, कोरडी वाट मिळाली तर बरीच.

दुसरा आक्षेप असा की भाविक देवीसाठी चढतो, पदभ्रमण करणारा डोंगरासाठी. दोन्ही एका पंक्तीत बसवू नयेत. हेतू वेगळे आहेत, यात वाद नाही. पण कळसूबाईची आख्यायिकाच हे कुंपण जरा ढिले करते. ब्रिटिश काळातल्या गॅझेटिअरमध्ये ती नोंदलेली आहे. रानात भटकण्याची आवड असलेली कळसू नावाची कोळ्याची पोर इंदोऱ्यात एका घरी कामाला राहिली, ती भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही या अटीवर. एकदा घरच्यांनी दोन्ही कामे सांगितली. तिने ती निमूट केली, लगेच डोंगर चढून गेली आणि मरेपर्यंत माथ्यावरच राहिली. आख्यायिकेला इतिहास मानण्याचे कारण नाही. पण जी गोष्ट लोक पिढ्यान्पिढ्या सांगत आले, तिच्यात डोंगर हे नवस फेडण्याआधी घरकामातून सुटण्याचे ठिकाण आहे, आणि या देवीला आधीपासूनच रानाची ओढ आहे. तिने भांडी घासली ती जागा थाळेमेळ आणि केर टाकला ती काळदरा, अशी नावेही त्याच नोंदीत आहेत. चूल, भांडी आणि खाचर यांतून एका दिवसाची रजा घेऊन आश्विनात वर येणाऱ्या बाईला ही गोष्ट कोणी समजावून सांगावी लागली नसेल.