अंगणातले ब्रह्मकमळ

पावसाळा मध्यावर आला की वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर एक बातमी न चुकता येते. अमक्या नगरात तमक्यांच्या घरी ब्रह्मकमळ फुलले, एकाच रात्री अकरा फुले आली, दर्शनाला शेजाऱ्यांनी गर्दी केली. सोबत कुंडीमागे उभ्या असलेल्या कुटुंबाचे छायाचित्र. वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या अनसिंगसारख्या गावातही हे झाड आता नवलाईचे राहिलेले नाही. शेजारणीकडून एक पान आणावे, कुंडीत किंवा तेलाच्या जुन्या डब्यात खोचावे, आणि काही वर्षांनी एखाद्या रात्री घर सुगंधाने भरून जावे. मग हळदकुंकू, निरांजन. आणि पहाटे मान टाकलेले फूल. या झाडाचा इतिहास वनस्पतिशास्त्राइतकाच भाषेच्या अभ्यासकाचाही विषय आहे, असे आम्हांस वाटते. कारण आपल्या अंगणात हिमालयातली वनस्पती कधी आलीच नाही. आले ते फक्त तिचे नाव.

ज्या वनस्पतीचे हे नाव, ती उत्तराखंडचे राज्यपुष्प आहे. हिमालयात सुमारे ३,७०० ते ४,६०० मीटर उंचीवर, जिथे वृक्षांची वाढ थांबते त्याच्याही वर, कुरणांत आणि खडकांच्या फटींत ती उगवते. कमळाशी तिचे काही नाते नाही. ती सूर्यफुलाच्या कुळातली. तिची खरी फुले बारीक, जांभळी आणि दाटीने बसलेली असतात. आपल्याला दिसतो तो त्यांच्याभोवतीचा फिकट पिवळसर, कागदासारख्या पातळ छदांचा द्रोण. तो आतल्या फुलांना थंडीपावसापासून जपतो. शास्त्रीय नावातला ‘ऑबव्हॅलाटा’ हा लॅटिन शब्द ‘तटबंदी केलेली’ असाच अर्थ सांगतो. केदारनाथ-बदरीनाथला ही फुले देवाला वाहतात. भाद्रपदातल्या नंदाष्टमीला डोंगरमाथ्यावरून ती आणून देवीला अर्पण करण्याची प्रथा आहे. १९८२ साली टपाल खात्याने हिमालयातल्या फुलांची तिकिटे काढली, त्यांतही ब्रह्मकमळ होते.

आपल्या कुंडीतले झाड मात्र निवडुंग आहे. त्याची मायभूमी मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली जंगले. तिथे ते मोठ्या झाडांच्या खोडांवर आधार घेऊन वाढते. ज्याला आपण पान म्हणून खोचतो ते पान नसून चपटे खोड असते, म्हणूनच ते रुजते. हिमालयातले फूल दिवसाउजेडी उघडे असते, हे रात्रीचे. ते आठवडेच्या आठवडे टिकते, हे एका रात्रीचे. दोन वनस्पतींत याहून मोठा विरोध शोधूनही सापडायचा नाही.

तरीही युरोपीय शास्त्राच्या दप्तरात दोघींची नोंद एकाच हाताने झाली, हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे. जिनिव्हाचा वनस्पतिशास्त्रज्ञ ऑग्युस्तँ पिराम द कांदोल याने जगातल्या ज्ञात वनस्पतींची बखरच लिहायला घेतली होती. त्या ग्रंथाच्या १८२८च्या तिसऱ्या खंडात या निवडुंगाचे वर्णन आले आणि १८३८च्या सहाव्या खंडात हिमालयातल्या वनस्पतीचे. तेव्हा त्याने तिला दुसऱ्या प्रजातीत घातले होते. पुढे ती ‘सोस्यूरिया’ या प्रजातीत आली. हे प्रजातीनामही द कांदोलचेच, १८१०चे. जिनिव्हाच्या सोस्यूर पितापुत्रांच्या सन्मानार्थ त्याने ते दिले. त्यांतले वडील ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर हे आल्प्सचे संशोधक. १७८७ साली ते मों ब्लांच्या शिखरावर पोहोचले होते. आणि त्यांचा पणतू म्हणजे आपल्या एम.ए.च्या अभ्यासक्रमातला फर्दिनां द सोस्यूर! चिन्हक आणि चिन्हित यांचे नाते यादृच्छिक असते, हे १९१६ साली त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतून आपण शिकवतो, आणि उदाहरण म्हणून ‘झाड’ हाच शब्द घेतो. ज्या वनस्पतीच्या शास्त्रीय नावात त्याचे कुलनाम आहे, तिचेच लोकनाम हजारो किलोमीटर घसरून एका परक्या निवडुंगावर जाऊन बसले आहे. भाषाविज्ञानाच्या तासाला याहून चांगले उदाहरण आम्हांस तरी माहीत नाही.

हिमालयातली मूळ वनस्पतीच अंगणात लावता येणार नाही का, असे कोणी विचारील. इंग्लंडात उंच पर्वतांवरच्या वनस्पती घरच्या बागेत वाढवण्याचे वेडच होते. रेजिनाल्ड फॅरर याने १९०७ साली त्यावर पुस्तक लिहिले, १९१९ साली दोन जाडजूड खंड काढले; १९२९ साली अशा बागाइतांची संस्थाही निघाली. तिथेही या झाडांसाठी दगडगोट्यांचे निचऱ्याचे वाफे करावे लागतात आणि कित्येकांना हिवाळ्यात काचेच्या छपराखाली ठेवावे लागते, तेही ऊब देण्यासाठी नव्हे, तर ओल टाळण्यासाठी. बर्फाखाली ही झाडे सहा महिने कोरडी झोप घेतात. मरतात ती ओलीने आणि उन्हाने. आमच्याकडची पावसाळ्यात चिकट होणारी काळी माती आणि मे महिन्यातला बेचाळीसच्या वर जाणारा पारा त्यांना एक वर्षही जगू देणार नाही.

पण उंचावरचे फूल आपल्या दारी असावे, ही ओढ वाशीमच्या मातीला जुनीच आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. तिथल्या शाखेचा संस्थापक सर्वसेन याने चौथ्या शतकात ‘हरिविजय’ हे प्राकृत महाकाव्य रचले. विषय कोणता, तर सत्यभामेसाठी कृष्णाने स्वर्गातून पारिजात आणणे. काव्य लुप्त झाले; आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त केलेला उल्लेख आणि अलंकारशास्त्राच्या ग्रंथांत विखुरलेली अवतरणे एवढेच उरले. वनपर्वातली द्रौपदीही वाऱ्याने आणलेले सौगंधिक पाहून भीमाला म्हणते की आणखी आण, मला ती काम्यकवनातल्या आश्रमात न्यायची आहेत. (हे सौगंधिक म्हणजेच ब्रह्मकमळ, असे काही उत्साही मंडळी सांगतात. महाभारतातले फूल कुबेराच्या सरोवरात उगवते, एवढे लक्षात घेतले तरी पुरे.) स्वर्गातला पारिजात पृथ्वीवर कधी रुजला असेल नसेल, पण त्याचे नाव दारातल्या प्राजक्ताला मिळाले. ब्रह्मकमळाच्या बाबतीत घडले ते याच वळणाचे आहे.

आणि मेक्सिकोकडून आलेल्या पाहुण्यांना आपली नावे देण्याची आपली सवयही मोडलेली नाही. दसऱ्याचा झेंडू, वेणीतला निशिगंध, देवळापुढचा पांढरा चाफा, हे सारे तिकडचेच. चाफ्याने तर आपल्या मूळ सोनचाफ्याचे नाव घेतले. सीताफळाला वनवासातली सीता मिळाली. चीनमध्ये याच निवडुंगाला ‘तान-ह्वा’ म्हणतात. हा शब्द बौद्ध ग्रंथांतल्या ‘उदुंबर’ पुष्पाच्या चिनी लिप्यंतराचा संक्षेप आहे; तीन हजार वर्षांतून एकदा फुलणारे ते फूल. म्हणजे आपला औदुंबर तिकडे जाऊन या झाडावर फुलला आणि इकडे त्यावर ब्रह्मदेवाचे आसन आले. केरळात मात्र त्याला ‘निशागंधी’ म्हणतात, आणि ते नाव आम्हांस सर्वांत प्रामाणिक वाटते.

अलीकडे ‘हे खरे ब्रह्मकमळ नव्हे’ असे सांगणाऱ्यांची संख्या वाढली आहे. त्यांची माहिती बरोबर आहे, सूर मात्र आम्हांस खटकतो. रात्री बारापर्यंत जागून फुलाची वाट पाहणाऱ्या आजीची भक्ती खोट्या नावाने खोटी होत नाही. चिंता दुसऱ्या बाजूची आहे. नाव एक झाले की दूरचे फूलही घरच्याइतकेच विपुल असेल असे वाटू लागते. एका पानावर दहा घरी पोहोचणाऱ्या निवडुंगाला कितीही तोडले तरी भय नाही. हिमालयातली वनस्पती बियांवर आणि अल्प उन्हाळ्यावर जगते, आणि पूजा व औषधासाठी होणाऱ्या तोडीने ती विरळ होत चालली आहे. नंदाष्टमीपूर्वी फूल तोडू नये, हा तिकडच्या खेड्यांचा जुना दंडक बी धरायला अवधी देणारा होता. यात्रेकरूंच्या गर्दीला तो ठाऊक नसतो.

तेव्हा मराठी कोशात ‘ब्रह्मकमळ’ या शब्दापुढे दोन अर्थ द्यावे लागतील, यावर आमचे एकमत आहे. पहिला क्रमांक हिमालयाला द्यावा की अनसिंगच्या अंगणाला, यावर अजून नाही.