कमांड-लाइनचे पर्याय आणि साहाय्यपृष्ठ

तापीकाठच्या बुऱ्हाणपूर शहरातील जामा मशिदीत अरबी लेखासोबत एक संस्कृत शिलालेखही आहे. फारुकी सुलतान आदिलशाहाच्या काळातील या लेखात शके 1511, पौष मास अशी नोंद आढळते. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, या ढोबळ नियमाने 1589 हे वर्ष निघते; प्रत्यक्षात तो दिवस जानेवारी 1590 मध्ये पडतो. वर्ष बदलून देणारा छोटासा प्रोग्राम लिहायचा झाला, तरी त्याला शकाबरोबर महिना विचारावाच लागेल.

कमांड-लाइनवर ही माहिती ‘--महिना पौष’ अशा पर्यायाने देता येते. असे पर्याय वाचण्यासाठी पायथन भाषेत ‘आर्गपार्स’ ही लायब्ररी आहे, 2.7 व 3.2 या आवृत्त्यांपासून ती भाषेच्या प्रमाण संग्रहात समाविष्ट झाली. पर्यायाचे नाव, प्रकार, ग्राह्य मूल्ये, गृहीत मूल्य आणि एका ओळीचा खुलासा एवढे एकदा नोंदवले की त्याच नोंदीवरून आज्ञेचे वाचनही होते आणि ‘--हेल्प’चे पृष्ठही तयार होते. ‘पौश’ असे चुकून लिहिल्यास ग्राह्य महिन्यांची यादी दाखवून प्रोग्राम थांबतो.

खरा धोका गृहीत मूल्याचा. महिना न दिल्यास चैत्र धरला, तर बुऱ्हाणपूरच्या लेखाचे वर्ष बिनबोभाट चुकेल. येथे महिना सक्तीचा करणेच शहाणपणाचे. इतरत्र गृहीत मूल्य खुलाशात हाताने लिहू नये. पुढे कोडमध्ये ते बदलले की साहाय्यपृष्ठ खोटे बोलू लागते, आणि वाचणारा तर त्यावरच विसंबून असतो. आर्गपार्समध्ये त्या जागी खूण ठेवता येते. पृष्ठ दाखवताना लायब्ररी चालू मूल्य तेथे स्वतः भरते.

‘डॉकऑप्ट’ने उलटा मार्ग धरला: साहाय्यपृष्ठ आधी लिहायचे, त्यावरूनच पर्याय ओळखायचे. ‘हेल्प-टू-मॅन’ हे साधन ‘--हेल्प’च्या मजकुरातून मॅन-पृष्ठ घडवते.

78 केव्हा आणि 79 केव्हा, हे मात्र कोणतीही लायब्ररी आपणहून सांगणार नाही. तो खुलासा उदाहरणासह पृष्ठाच्या शेवटी लेखकानेच द्यायचा. आर्गपार्स एरवी त्यातील ओळी मोडून सलग परिच्छेद करते. उदाहरणांची मांडणी जशीच्या तशी हवी असल्यास ‘रॉ-डिस्क्रिप्शन’ स्वरूपक निवडावा लागतो.