पाठराखणीचा इतिहास

घडलेल्या गोष्टींची नोंद ठेवणें हें इतिहासाचें काम होय, असें आपण शाळेपासून ऐकत आलों, आणि तें खरेंही आहे. परंतु कांहीं माणसांचा सारा पराक्रम कांहीं घडूं न देण्यांत असतो. अशांची नोंद इतिहासानें कोठें व कशी करावी, हा प्रश्न आम्हांस बरीच वर्षें सतावीत आला आहे. या खेपेस तो उभा राहिला तो एखाद्या बखरीच्या किंवा फर्मानाच्या निमित्तानें नव्हे, तर राहुल भेके या मुंबईकर फुटबॉलपटूच्या कारकीर्दीमुळें. इतिहासाच्या अध्यापकानें चेंडूच्या खेळाकडे वळावें याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल. पण प्रश्न साधनांचा असला म्हणजे विषय किल्ल्याचा असो कीं मैदानाचा, अडचण एकच.

आम्ही घोडेगांवचे. ज्या जिल्ह्याचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे, त्या जुन्या अहमदनगर जिल्ह्यांतील हें बाजाराचें गांव. नगरचा भुईकोट किल्ला आणि चांदबिबी यांची गोष्ट आमच्याकडील मुलांस बाळकडूबरोबर मिळते. शहाजादा मुरादाच्या मोंगल फौजेनें १५९५ च्या अखेरीस किल्ल्यास वेढा घातला व तटाखालीं सुरुंग खणले. पुढें एक सुरुंग उडाला, तटास खिंडार पडलें, आणि चांदबिबीनें तेथें उभें राहून शत्रूस थोपविलें व रातोरात तें खिंडार बुजविलें. ही हकीकत सर्वांस ठाऊक आहे. पण त्याच वेढ्यांत किल्ल्यांतील लोकांनीं कांहीं सुरुंग आधींच हुडकून काढून निकामी केले होते. त्या अंधाऱ्या भुयारांत शिरून दारू उपसणारे कोण, हें कोणास सांगतां येईल? जो सुरुंग उडाला त्यानें चांदबिबीस अमर केलें. जे उडाले नाहींत त्यांच्याबरोबर ते निकामी करणारेही विस्मृतींत गेले. फुटबॉलच्या खेळांतील बचावपटूची गत हीच आहे.

खेळाचें दप्तर उघडून पाहावें. त्यांत गोल कोणीं केला, कितव्या मिनिटास केला, चेंडू कोणीं पुरविला, हें सर्व सांपडेल. जो गोल झालाच नाहीं त्याची ओळ कोठेंच नाहीं. मोहन बगाननें २९ जुलै १९११ रोजीं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करून आय. एफ. ए. ढाल जिंकली. गोऱ्या पलटणीवर देशी संघानें मिळविलेला तो विजय बंगालच्याच नव्हे तर साऱ्या देशाच्या इतिहासांत गेला. शिवदास भादुरी व अभिलाष घोष या गोल करणाऱ्यांचीं नांवें त्याबरोबर राहिलीं. पाठीमागें खेळणारे सुधीर चतर्जी लोकांच्या लक्षांत राहिले, पण कशामुळें? त्या अकरांत बूट घालून खेळणारे ते एकटेच होते म्हणून! त्यांनीं किती हल्ले अडविले, हें सांगणारें साधन आमच्या पाहण्यांत नाहीं.

शैलेन मन्ना यांचें उदाहरण याहून बोलकें आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें स्वतंत्र भारताचा संघ फ्रान्सशीं खेळला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. सामना आपण २-१ असा हरलों, आणि त्यांत दोन पेनल्टी वायां गेल्या, त्यांपैकीं एक मन्ना यांची. फ्रान्ससारख्या राष्ट्रास शेवटच्या मिनिटांपर्यंत बरोबरींत रोखून धरणाऱ्या बचावाचे मन्ना हे आधारस्तंभ. पण त्या सामन्याची आठवण निघाली कीं ती हुकलेली पेनल्टीच पुढें येते. बचावपटूनें आपलें काम चोख केलें तर तें दिसत नाहीं, आणि दुसऱ्याच्या कामांत एकदां हात घातला तर तेवढेंच दिसतें! पुढें १९५१ सालीं दिल्लीस झालेल्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेंत याच मन्नांच्या नेतृत्वाखालीं भारतानें इराणला हरवून सुवर्णपदक मिळविलें. तो एकमेव गोल मेवालाल यांचा. मन्ना भूगर्भ सर्वेक्षण खात्यांत नोकरीस होते. मोहन बगानसाठीं ते पोटाकरितां खेळले नाहींत. खेळ हा छंद व नोकरी हा चरितार्थ, अशी त्या पिढीची वांटणी होती.

मुंबईची तऱ्हा थोडी निराळी. येथें १८९१ पासून रोव्हर्स चषकाची स्पर्धा होत असे. आरंभीं ती गोऱ्या पलटणींचीच मक्तेदारी होती. देशी संघानें, म्हणजे बंगळूरच्या मुस्लिम संघानें, ती प्रथम १९३७ सालीं जिंकली. पुढें कूपरेजच्या मैदानावर गिरण्यांचे व कंपन्यांचे संघ आले : टाटा, मफतलाल, ओर्के, महिंद्र, एअर इंडिया. खेळाडू कागदोपत्रीं कारकून वा कामगार असे आणि मुख्यतः खेळत असे. या व्यवस्थेस हंसणारे पुष्कळ होते, व तींत हंसण्याजोगेंही कांहीं कमी नव्हतें. परंतु मध्यमवर्गीय वा गिरणगांवांतील बापास मुलाच्या खेळण्याबद्दल जी एक गोष्ट हवी असे, ती या व्यवस्थेंत होती : गुडघा मोडला तरी महिन्याचा पगार सुटत नसे. कोल्हापुरांत हा खेळ तालमींच्या आश्रयानें वाढला, तेथील जिव्हाळा कांहीं औरच आहे. त्यावर स्वतंत्र लेखच व्हावयास पाहिजे.

१९९६ मध्यें राष्ट्रीय लीग सुरू झाली, २००७ मध्यें तिची आय-लीग झाली, आणि २०१४ पासून इंडियन सुपर लीगचा थाट आला. या वीस वर्षांत खेळाडूची नोकरी गेली व करार आला. रोव्हर्स चषक या शतकाच्या आरंभींच बंद पडला. २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता असलेला महिंद्र युनायटेड हा संघ त्याच्या मालकांनीं २०१० मध्यें मोडला. जुनी व्यवस्था मोडून नवी पुरती उभी राहण्यापूर्वींच्या या काळांत भेके वयांत आला. त्याचा जन्म मुंबईचा, ६ डिसेंबर १९९० चा.

मुंबईंत खेळून तो कोलकात्याच्या ईस्ट बंगाल संघांत गेला. सुपर लीग तेव्हां वर्षांतून दोन-तीन महिनेच चाले, आणि उरलेल्या काळांत आय-लीग. म्हणून एकाच खेळाडूस एका वर्षांत दोन धनी असत. भेके २०१५ मध्यें केरळ ब्लास्टर्सकडे व २०१६ मध्यें पुणें सिटीकडे असा उसना गेला. २०१७ सालीं खेळाडूंची जी निवड झाली तींत बंगळूर संघानें त्याला घेतलें. आमच्या घोडेगांवचा गुरांचा बाजार प्रसिद्ध आहे. जुन्या काळीं अशा बाजारांत दलाल रुमालाखालीं बोटें दाबून बैलाचा सौदा ठरवीत, आणि बैल शेजारीं उभा राहून रवंथ करी. खेळाडूंच्या या निवडीचीं वर्णनें वाचतांना आम्हांस तो रुमाल आठवला, हें लपवीत नाहीं. फरक इतकाच, आणि तो लहान नव्हे, कीं येथें अखेरची सही बैलाची असते.

आतां या धंद्याचें मर्म काय, तें पाहूं. आमच्या गांवाजवळच शनिशिंगणापूर आहे, जेथें घरांना दारें न लावण्याची जुनी चाल आहे. फुटबॉलचा गोल हें असेंच बिनदाराचें घर. तीन बाजूंनीं चौकट, मधें मोकळी हवा. तेथें राखण देवाची, येथें पांच माणसांची. बचावपटु म्हणजे धिप्पाड देहानें आडवा येणारा गडी, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती अगदींच चुकीची नाहीं, पण फार अपुरी आहे. चांगला बचावपटु चेंडू हिसकावण्याची घाई करीत नाहीं. तो प्रतिपक्षाच्या गड्यासमोर थोडा तिरकस उभा राहतो, त्याला मैदानाच्या कडेकडील वाट मोकळी ठेवतो व मधली बंद करतो; म्हणजे पुढें जाण्याचें समाधान त्याला मिळतें, आणि गोल मात्र दूर जातो. ऑफसाइडच्या नियमामुळें चौघांनाही एका दोरींत पुढें-मागें सरकावें लागतें. एकानें पाऊलभर उशीर केला तर चौघांचेही श्रम वायां. शिवाय डोळे दोन ठिकाणीं हवेत : चेंडूवर, आणि पाठीमागून मुकाट्यानें धांवत येणाऱ्या माणसावर. नव्वद मिनिटांपैकीं बहुतेक वेळ त्याच्या पायांस चेंडू लागतही नाहीं. तो फक्त चार पावलें इकडे होतो, दोन पावलें तिकडे होतो, हातानें सोबत्यास खूण करतो; आणि त्यामुळें प्रतिपक्षाचा मनांतला पास मनांतच राहतो. असा न दिलेला पास कोणत्या वहींत लिहावा?

भेके आरंभीं उजव्या कडेस खेळे, पुढें तो मध्यभागीं आला. हा बदल वाटतो तितका सोपा नाहीं. कडेच्या माणसास एका बाजूनें रेषेचा आधार असतो; मधल्यास दोन्हींकडून उघडें राहावें लागतें, आणि धांवण्यापेक्षां ओरडून दुसऱ्यास धांवावयास लावणें हें त्याचें काम होतें. ज्याला वयाच्या तिशींत वेग थोडा कमी झाल्यावरही टिकावयाचें आहे, त्याला ही विद्या शिकावीच लागते. घराण्याचें गाणें शिकलेला गवई आवाज उतरल्यावर तानांऐवजीं लयीवर मैफल जिंकतो, तशांतलाच हा प्रकार.

आणि तरीही लोकांस भेके माहीत आहे तो कशामुळें? १७ मार्च २०१९ रोजीं मुंबईंत अंधेरीच्या मैदानावर सुपर लीगचा अंतिम सामना बंगळूर व गोवा यांच्यांत झाला. नव्वद मिनिटांत गोल नाहीं, जादा वेळही सरत आलेला. ११७ व्या मिनिटास दिमास देल्गादोच्या कॉर्नरवर भेकेनें डोक्यानें चेंडू आंत धाडला, आणि बंगळूर प्रथमच विजेता झाला. आदल्या वर्षीं याच तारखेस त्याच संघानें अंतिम सामना स्वतःच्या मैदानावर चेन्नईकडून गमावला होता. जन्मगांवींच हा गोल व्हावा, हा योग मोठा गोड. पण त्यापूर्वीं जवळजवळ दोन तास गोव्याच्या आघाडीस एकही गोल करूं दिला गेला नाहीं, हा विजयाचा दुसरा अर्धा भाग, आणि त्याचा कर्ता म्हणून एका माणसाचें नांव घेतां येत नाहीं.

पुढचें चरित्र लिहूं गेल्यास तेंही अशाच थांब्यांनीं पुढें सरकतें. जून २०१९ मध्यें थायलंडमधील किंग्ज चषकांत कुरासाओविरुद्ध तो भारताकडून पहिला सामना खेळला, तेव्हां त्याला अठ्ठावीस वर्षें पुरीं झालीं होतीं. आघाडीचा गडी या वयांत बहुधा उताराकडे पाहूं लागतो. २०२१ मध्यें तो मुंबई सिटीकडे आला. ११ एप्रिल २०२२ रोजीं रियाध येथें आशियाई चँपियन्स लीगमध्यें मुंबईनें इराकच्या वायुदल संघास २-१ असें हरविलें. त्या स्पर्धेंत भारतीय संघानें जिंकलेला तो पहिलाच सामना, आणि विजयाचा गोल भेकेचा, पुन्हां डोक्यानें. ४ मे २०२४ रोजीं कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मोहन बगानला त्याच्याच अंगणांत ३-१ असें नमवून मुंबईनें सुपर लीगचा चषक जिंकला, तेव्हां संघनायक भेके होता. १९११ च्या ढालीचा वारसा सांगणाऱ्या संघासमोर मुंबईचा हा बचावपटु चषक उचलतो, हें दृश्य इतिहासाच्या विद्यार्थ्यास दोन क्षण थांबविणारें आहे. त्यानंतर तो बंगळूरकडे परतला. नोव्हेंबर २०२४ मध्यें हैदराबादेस मलेशियाशीं झालेली बरोबरी त्याच्याच गोलानें साधली, आणि मार्च २०२५ मध्यें शिलाँगला मालदीवविरुद्ध पहिला गोल त्याचाच.

वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल : बचावपटूचें चरित्र सांगतों म्हणतां म्हणतां आम्हीही त्याचे गोलच मोजीत बसलों. दोष आमच्या दृष्टीचा कीं साधनांचा, याचा निवाडा त्यांनींच करावा. जानेवारी २०२४ मध्यें कतार येथें झालेल्या आशियाई चषकांत भेके ऑस्ट्रेलियासारख्या संघाविरुद्ध मध्यभागीं उभा होता. भारत तिन्ही सामने हरला व एकही गोल करूं शकला नाहीं. ऑस्ट्रेलियाविरुद्ध मध्यंतरापर्यंत मात्र त्या बलाढ्य संघाच्या हातीं कांहीं लागलें नव्हतें. ती पाऊण तासाची पाठराखण त्याच्या कारकीर्दींतील उत्तम कामांत गणावी, असें आमचें मत आहे. दप्तरांत तिच्यापुढें ०-२ एवढेंच लिहिलेलें आढळेल.

राहिला प्रश्न चरितार्थाचा. सुपर लीग चालविणारी कंपनी व अखिल भारतीय फुटबॉल महासंघ यांच्यांतील हक्कांचा करार डिसेंबर २०२५ मध्यें संपणार होता. नवा ठरेना, म्हणून जुलैमध्येंच पुढचा हंगाम स्थगित ठेवण्यांत आला. ऑगस्टमध्यें बंगळूर संघानें आपल्या पहिल्या चमूचे व कर्मचाऱ्यांचे पगार अनिश्चित काळासाठीं थांबविल्याचें जाहीर केलें. तो हंगाम २०२५ सरलें तरी उघडला नव्हता. ज्यांनीं गोलापुढें उभें राहून दुसऱ्याचें घर राखलें, त्यांच्या स्वतःच्या घरास त्या महिन्यांत दार नव्हतें. आघाडीच्या नामांकित गड्यास जाहिरातींचा कांहीं आधार असतो. साबणाच्या वा बुटाच्या जाहिरातींत बचावपटु आम्ही तरी फारसा पाहिला नाहीं. ज्या कारकुनी नोकरीस आपण कालपरवांपर्यंत हंसत होतों, ती मन्नांच्या पिढीस सामना असो वा नसो, एक तारखेस वेतन देत होती. नव्या व्यवस्थेनें खेळाडूस मोबदला अनेकपटींनीं दिला, प्रशिक्षण दिलें, वैद्य दिले. हें सर्व मान्य करूनही, मुलाच्या भवितव्याची चिंता करणाऱ्या बापाच्या प्रश्नाचें उत्तर तिनें अद्यापि दिलेलें नाहीं.

भेके ज्या पुणें सिटी संघाकडून एक हंगाम खेळला, तो संघ २०१९ मध्यें मोडला व त्याच्या जागीं हैदराबादेंत दुसरा उभा राहिला. ६ डिसेंबर २०२५ रोजीं भेके पस्तीस वर्षांचा झाला, आणि त्या दिवशीं सुपर लीगचें एकही मैदान उघडें नव्हतें.