प्रसिद्धीचा हिशेब : हंसा वाडकरांचें आत्मकथन

भंडारा जिल्ह्यांत धानाची कापणी-मळणी आटोपली म्हणजे नाटकांचे दिवस येतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या बाजूच्या झाडीपट्टीची ही जुनी रीत आहे. दिवसां शंकरपटांत बैलांच्या जोड्या धांवतात. रात्रीं मांडवांत नाटक उभें राहतें, तें पहांटेपर्यंत चालतें. पहांटे प्रेक्षक समाधानानें घरीं परततो आणि नटमंडळी पुढच्या गांवची वाट धरतात. नायिकेचें नांव पंचक्रोशींत दुमदुमतें. परंतु पडदा पडल्यानंतर तिच्या वांट्यास काय येतें, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनांत सहसा उद्भवत नाहीं.

या प्रश्नाचें उत्तर मराठींत एका चित्रपट-नटीनें स्वमुखानें देऊन ठेविलें आहे. हंसा वाडकर यांचें ‘सांगत्ये ऐका’ हें तें पुस्तक होय. तें १९७० सालीं ग्रंथरूपानें निघालें. त्यापूर्वीं ‘माणूस’ नियतकालिकांतून तें वाचकांपुढें आलें होतें. कथन बाईंचें, शब्दांकन अरुण साधू यांचें. पुढें ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांनीं प्रसिद्धीस आलेले साधू हे त्या काळीं तरुण पत्रकार होते.

हंसाबाईंचा जन्म १९२३ सालचा. मूळचें नांव रतन साळगांवकर. घरांत पैशाची ओढ होती, म्हणून खेळण्याच्या वयांतच त्या चित्रपटांत आल्या. १९३६ सालीं ‘विजयाची लग्नें’ हा त्यांचा चित्रपट निघाला. पुढें प्रभातच्या ‘संत सखू’ने (१९४१) त्यांना घरोघर पोंचविलें आणि ‘लोकशाहीर रामजोशी’ने (१९४७) त्यांच्या कीर्तीवर कळस चढविला. १९५९ सालचा अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद चित्रगृहांत १३१ आठवडे चालला. त्याच चित्रपटाचें नांव बाईंनीं आपल्या जीवनकथेस दिलें.

पडद्यावर संत सखूचें सोशिक रूप पाहून हात जोडणाऱ्या प्रेक्षकास या कथेनें धक्का बसला, यांत नवल नाहीं. तींत मद्य आहे, विवाहबाह्य संबंध आहेत, घर सोडून जाणें आहे. मराठवाड्यांतील एका खेड्यांत, एका गृहस्थाच्या घरीं, बाहेरच्या जगाशीं संबंध तुटलेल्या स्थितींत काढलेलीं वर्षेंही आहेत. परंतु तेवढेंच वाचणारा वाचक या पुस्तकाचा अर्धा भागच वाचतो. उरलेला अर्धा भाग हिशेबाचा आहे. बाईंना संसार हवा होता. घराला त्यांची मिळकत हवी होती. काम थांबवावें असें त्यांच्या मनांत असतां, काम चालूच राहावें असा पतीचा आग्रह होता. कष्ट एकीचे आणि सत्ता दुसऱ्यांची, अशा घरांत कीर्ति हें भूषण न राहतां जोखड होतें. मद्यपानाकडे त्यांचें पाऊल वळलें तें या ओझ्याखालीं. मात्र सर्व दोष परिस्थितीवर टाकून त्या मोकळ्या होत नाहींत. स्वतःचा हट्ट, स्वतःच्या चुका, त्याही सांगतात. म्हणूनच या साक्षीस वजन येतें.

अशी साक्ष देणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. अमेरिकेंतील नीग्रो समाजांतून पुढें आलेली श्रेष्ठ गायिका बिली हॉलिडे हिचें आत्मचरित्र १९५६ सालीं प्रसिद्ध झालें. तिनेंही तें विल्यम डफ्टी या पत्रकाराच्या साहाय्यानें लिहिलें. तिच्याही कथेंत बालपणचें दारिद्र्य, अमाप लौकिक आणि मादक द्रव्यांचा विळखा आहे; १९४७ सालीं तिला त्यापायीं कारावास भोगावा लागला. पुस्तकानंतर तीन वर्षांनीं ती वारली. हंसाबाईही ग्रंथ निघाल्यावर वर्षभरानें, १९७१ सालीं, पन्नाशी गांठण्यापूर्वींच निवर्तल्या.

मग तरून जाणें तें कोणतें? देहानें दोघीही फार काळ तरल्या नाहींत. तरली ती त्यांची स्वतःची हकीकत. १९७७ सालीं श्याम बेनेगल यांनीं हंसाबाईंच्या आत्मकथनावरून ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट काढला आणि त्यांतील अभिनयाबद्दल स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जिच्या दुःखाकडे एका पिढीनें कुचाळकी म्हणून पाहिलें, तिचें म्हणणें दुसरी पिढी आदरानें ऐकूं लागली.

इतिहासकारास चित्रपटांच्या तारखा व आठवड्यांची संख्या जाहिरातींतूनही मिळते. त्या आठवड्यांची किंमत कोणी मोजली, हें मात्र मोजणाऱ्यानेंच सांगावें लागतें. झाडीपट्टींतील मांडवांतून पहांटे उठतांना प्रेक्षकानें एकदां मागें वळून रंगपटाकडे पाहिलें, तर हंसाबाईंचें सांगणें त्यानें ऐकलें असें म्हणतां येईल.