गॅस संपत नसतो : गाडीतल्या गारव्याचा इतिहास

उन्हाळा लागला की गावोगावच्या गॅरेजवर एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘एसीतला गॅस संपलाय, भरून द्या.’ गेल्या वर्षी माझ्या जुन्या गाडीचा एसी नीट गार करेना, तेव्हा मोहल्ल्यातल्या उस्तादांसमोर मीही हेच म्हणालो. त्यांनी बॉनेट उघडत विचारले, “सर, गॅस काय पेट्रोल हाय का, संपायला?”

प्रश्न साधा होता, पण त्यामागे चार-पाचशे वर्षांचा इतिहास आहे.

शोरा, सुरई आणि वाळा

हिंदुस्थानात गारव्याची सोय मोटारीच्या फार आधी झाली होती. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त बादशाहाच्या आबदारखान्याची माहिती दिली आहे. बंदुकीच्या दारूत जो शोरा वापरतात, तोच पाणी गार करण्यासाठी वापरला जाई. शोरा पाण्यात विरघळताना उष्णता ओढून घेतो. त्या पाण्यात दुसऱ्या पाण्याची सुरई फिरवली की आतले पाणी गार होते. पुढे अकबराचा दरबार पंजाबात गेल्यावर उत्तरेच्या डोंगरांतून बर्फ येऊ लागला.

आपल्या दख्खनमध्ये बर्फ नव्हता, म्हणून इथल्या कारागिरांनी पाण्यावर भर दिला. अहमदनगरचा निजामशाही फराहबाग महाल तलावाच्या मधोमध उभारला होता, तो केवळ शोभेसाठी नव्हे. पाण्यावरून येणारा वारा महालात गार होऊन शिरत असे. दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बांधून त्यांवर पाणी मारायची पद्धत तर आपल्या आजोबांच्या पिढीपर्यंत चालत होती. मातीची सुरईसुद्धा याच नियमाने चालते. पाणी पाझरते, त्याची वाफ होते आणि ती वाफ उष्णता सोबत घेऊन जाते. इंजेक्शनच्या आधी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला की गार लागते, तेही यामुळेच.

गाडीतला एसी याहून वेगळे काही करत नाही. फरक इतकाच की सुरईचे पाणी हवेत उडून जाते, तर एसीतला गॅस बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो द्रवाचा वायू होतो आणि आतली उष्णता उचलतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव होतो. दाब देऊन गारवा निर्माण करण्याच्या अशा यंत्राचे पेटंट जेकब पर्किन्सने 1834 मध्येच घेतले होते. विशेष म्हणजे त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतल्या बोस्टनहून जहाजात भरलेला बर्फ कलकत्त्याला उतरला होता. एकीकडे सातासमुद्रापारचा बर्फ आयात होत होता आणि दुसरीकडे त्याला रजा देणाऱ्या यंत्राचा कागद तयार झाला होता.

पॅकार्ड ते मारुती

कारखान्यातूनच एसी बसवून विकलेली पहिली मोटार अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीची. 1939 च्या अखेरीस ती लोकांसमोर आली. तिची कूलिंग कॉइल मागच्या डिकीत होती. एसी बंद करायला नीट सोय नव्हती, गाडी थांबवून कॉम्प्रेसरचा पट्टाच काढावा लागे. ती फारशी खपली नाही. 1954 मध्ये नॅश कंपनीने सगळी यंत्रणा गाडीच्या पुढच्या भागात आणली आणि आज आपण पाहतो ती रचना रुळली.

आपल्याकडे एसी गाडी ही बराच काळ मोठ्या लोकांची चैन होती. अँबेसेडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत एसी बहुधा बाहेरून बसवून घेतला जाई. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि पुढे तिचे एसी मॉडेलही निघाले. इंजिन 796 सीसीचे. घाट चढताना चालक एसी बंद करत, कारण कॉम्प्रेसर इंजिनाचाच जोर खातो. गारवा फुकट मिळत नाही, हे त्या छोट्या गाडीने मध्यमवर्गाला शिकवले.

आभाळाची जखम

या सगळ्या यंत्रांत फिरणारा गॅस होता आर-12, म्हणजेच फ्रेऑन. थॉमस मिडग्ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1928 च्या सुमारास तो शोधला. त्याआधीचे गॅस विषारी किंवा पेट घेणारे होते. 1930 मध्ये मिडग्लीने भर सभेत हा गॅस छातीत भरून घेतला आणि फुंकर घालून मेणबत्ती विझवली. पाहणाऱ्यांची खात्री पटली, गॅस विषारी नाही आणि पेटतही नाही.

माणसाला तो निर्धोक होता, आभाळाला मात्र नव्हता. 1974 मध्ये मारियो मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी दाखवून दिले की हा वायू वर जाऊन फुटतो आणि त्यातला क्लोरीन ओझोनचा थर खातो. उद्योगांनी बराच काळ विरोध केला. 1985 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरच्या ओझोनची घट जाहीर केली आणि 16 सप्टेंबर 1987 रोजी माँट्रियल करार झाला. भारत 1992 मध्ये त्यात सामील झाला. 2003 पासून नव्या उपकरणांत हा गॅस घालण्यास आपल्याकडे बंदी आली.

त्याच्या जागी आर-134ए आला. तो ओझोन खात नाही. पण वजनास वजन धरले तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,300 ते 1,500 पट उष्णता अडवतो. म्हणून 2016 च्या किगाली दुरुस्तीने त्याच्या जातीचे वायूही कमी करत न्यायचे ठरले.

ही बदलाबदल जुन्या गाड्यांच्या नशिबी आजार घेऊन आली. आर-12 सोबत खनिज तेल चालत असे. नव्या गॅसमध्ये ते तेल मिसळत नाही, त्याला वेगळे तेल लागते. त्याचे रेणू लहान, ते जुन्या रबरी पाइपांतून झिरपतात. त्याला उष्णता टाकायला कंडेन्सरही अधिक ताकदीचा हवा. ज्या गाड्यांत हे न बदलता नुसता नवा गॅस भरला, त्या कधी मनासारख्या गार झाल्याच नाहीत. नव्वदच्या दशकातल्या गाडीचा एसी मंद वाटत असेल, तर दोष कधी कधी या इतिहासाचाच असतो.

उस्तादांची नाडीपरीक्षा

उस्तादांनी गॅसच्या नळकांड्याला हात लावला नाही. आधी त्यांनी मला प्रश्न विचारले. झोत कमी येतो की झोत जोराचा पण कोमट? झोतच कमी असेल तर गॅसचा संबंध नाही, फिल्टर किंवा कॉइल धुळीने बुजलेली असते, नाहीतर आतला पंखा थकलेला असतो. गाडी धावताना गार आणि सिग्नलला गरम? मग कंडेन्सरचा पंखा बघायचा, जाळीतला कचरा काढायचा. सुरुवातीला छान आणि अर्ध्या तासाने झोत मरतो? कॉइलवर बर्फ धरतो आहे, थर्मोस्टॅट तपासायचा. एका बाजूच्या जाळीतून गार आणि दुसऱ्या बाजूने कोमट? हवा वाटणारी आतली झडप नीट फिरत नसेल, किंवा गॅस कमी असल्याने कॉइलचा एकच भाग गार होत असेल. हीटरकडे जाणारे गरम पाणी बंद होत नसेल, तरीही गारवा मारला जातो.

मग त्यांनी पाइपांच्या सांध्यांवरून बोट फिरवले. एका ठिकाणी तेलकट डाग लागला. गॅससोबत तेलही फिरते, त्यामुळे गॅस जिथून सुटतो तिथे तेल खूण ठेवून जाते. मीटर त्यांनी शेवटी लावला. दोन्ही बाजूंचे दाब कमी म्हणजे गॅस कमी. कमी दाबाची बाजू चढलेली आणि जास्त दाबाची उतरलेली, म्हणजे कॉम्प्रेसर थकला. दोन्ही चढलेले, म्हणजे गॅस जास्त झाला किंवा कंडेन्सरला हवा मिळत नाही. माझ्या गाडीत दोन्ही कमी होते. सांध्यातली रबरी रिंग बदलली, यंत्रणेतली हवा आणि ओल पंपाने ओढून काढली आणि मगच मोजून गॅस भरला.

हे ज्ञान त्यांना कोणत्या संस्थेने दिले नाही, त्यांच्या उस्तादांनी दिले. आपल्या समाजात उस्ताद-शागिर्दाची ही परंपरा गॅरेजांमध्ये अजून जिवंत आहे. मी शाळेत उर्दू-मराठी शिकवतो. वर्गातली काही मुले सुट्टीत अशाच गॅरेजवर काम शिकतात आणि वडिलांचा धंदा सांगताना आवाज खाली करतात. लक्षणावरून कारण शोधणे, एकेक शक्यता वगळत जाणे, यालाच आपण पुस्तकात शास्त्रीय पद्धत म्हणतो. तीच पद्धत हातांना काळे लागले की हलकी कशी ठरते? या मुलांना दाखल्यासोबत प्रशिक्षण आणि या उस्तादांना त्यांच्या कसबाचे प्रमाणपत्र मिळायला हवे. नाहीतर नव्या वायूंच्या आणि बॅटरीवरच्या गाड्यांच्या जमान्यात ती परंपरा बाहेर फेकली जाईल.

इसराफचा हिशेब

वाहत्या नदीकाठी बसूनही वजूचे पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. त्याला इसराफ म्हणतात. जुन्या छोट्या गाडीत साधारण अर्धा किलो गॅस मावतो. तेवढा आर-134ए हवेत सुटला, तर सुमारे 300 लिटर पेट्रोल जाळण्याइतकी उष्णता आपण आभाळाच्या गळ्यात बांधतो. गळती तशीच ठेवून दर उन्हाळ्यात गॅस भरणारा माणूस हेच करतो. गारवा त्याच्या काचा बंद गाडीत राहतो आणि ताप मात्र बांधकामावरच्या मजुराला, हातगाडीवाल्याला सोसावा लागतो.

म्हणून पुढच्या वेळी गॅरेजवर गेलात, तर ‘गॅस भरा’ म्हणू नका. ‘गॅस कुठून जातो ते शोधा’ म्हणा. शोधायला वेळ लागेल, मजुरी थोडी जास्त पडेल. ती खुशीने द्या, कारण ती खऱ्या कसबाची मजुरी आहे.