मध शुद्ध की साखरेचा पाक? पाण्याच्या ग्लासात कळत नाही. बाळाला तर शुद्ध मधही नको

खोकला असो की सर्दी, घरात मधाची बाटली असतेच. पण बाटलीत मध किती आणि पाक किती, हे डोळ्यांनी कळत नाही.

भेसळ कशी होते?
आधी गुळाचा, उसाच्या साखरेचा किंवा मक्याचा पाक मिसळायचे. ऊस आणि मका ‘सी-४’ गटातली पिकं, तर मधमाश्या ज्या फुलांवर जातात ती झाडं बहुतेक ‘सी-३’ गटातली. त्यामुळे ही भेसळ प्रयोगशाळेत पकडली जायची. मग तांदळाचा पाक आला. भातही ‘सी-३’ गटातला, म्हणून जुनी चाचणी फसते.

डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ने १३ ब्रँडचा मध जर्मनीत ‘एनएमआर’ पद्धतीने तपासून घेतला. फक्त ३ ब्रँड पास झाले. कंपन्यांनी मात्र हे आरोप फेटाळले.

घरगुती चाचण्या खऱ्या का?
पाण्यात तळाला बसला, काडी पेटली, कुत्र्याने तोंड लावलं नाही, म्हणजे मध अस्सल असं म्हणतात. यावर भरवसा ठेवू नका. घट्ट पाकही तळाला बसतो. थंडीत मध गोठला म्हणजे साखर घातली असंही नाही. सूर्यफुलाचा, मोहरीचा शुद्ध मध लवकर गोठतो. बाटली कोमट पाण्यात ठेवली की पातळ होतो. थेट गॅसवर तापवू नका.

तब्येतीला काय धोका?
- पाक म्हणजे नुसती साखर. औषध म्हणून रोज चमचा-चमचा घेतला तरी पोटात साखरच जाते.
- शुगर असलेल्यांनी ‘मध चालतो’ असं धरू नये. शुद्ध मधानेही रक्तातली साखर वाढते.
- एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, गुटीतही नको. शुद्ध मधातही बोट्युलिझमचे जंतू बीजरूपात असू शकतात. बाळाचं आतडं कच्चं असल्याने तिथे ते वाढून विष तयार करतात. शौचाला न होणं, रडणं क्षीण होणं, दूध ओढता न येणं, अंग सैल पडणं, असं दिसलं तर लगेच दवाखाना गाठा.

घेताना काय बघाल?
- बाटलीवर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक, बॅच आणि तारीख.
- ओळखीचा मधपाळ असेल तर त्याच्याकडून घ्या. सातारा जिल्ह्यातलं मांघर हे देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ २०२२ मध्ये जाहीर झालं. पाकाने भाव पाडला की फटका अशाच मधपाळांना बसतो.
- बिल जपून ठेवा.

शंका आली तर?
अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करा. अन्न सुरक्षा कायदा २००६ च्या कलम ४० नुसार गिऱ्हाईक स्वतः फी भरून नमुना तपासून घेऊ शकतं. नमुना नियमात बसला नाही तर भरलेली फी परत मिळते.