टप, सांगाडा आणि जबाबदारी : वाहनांतील घरगुती फेरफारांचा एक ऐतिहासिक विचार

वाहतुकीचा इतिहास लिहिताना आपले अभ्यासक घाट, रस्ते, जकाती आणि लोहमार्ग यांचा परामर्श घेतात. वाहन घडविणाराच्या हातून सुटल्यावर त्याचा मालक त्यात स्वतःच्या सोयीने जे फेरफार करतो, त्यांची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. प्रस्तुत लेखासाठी असा एकच फेरफार निवडला आहे : वाहनाच्या छपरावर सामानासाठी बसविलेली लोखंडी चौकट, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील ‘कॅरिअर’. विषय लहान असला तरी वाहन पुरे करण्याचा अधिकार कोणाचा आणि त्याची जबाबदारी कोणाची, हा मोठा प्रश्न त्यात दडलेला आहे.

मोटारीपूर्वी घाटावरचा माल कोकणात उतरे तो बहुतांशी बैलांच्या पाठीवरून. १८३० साली बोरघाटातील गाडीरस्ता खुला झाला आणि त्या वाटेवर ओझे जनावराच्या पाठीवरून उतरून गाडीच्या साट्यावर येऊ लागले. हा साटा उघडा असे. शेणखत न्यावयाचे तर त्याला तट्ट्या लावीत. माणसे न्यावयाची तर कमानी उभारून वर आच्छादन घालीत. गाडी सुताराने घडविली तरी तिला कामाजोगे रूप देणे हा मालकाचा नित्याचा हक्क होता. त्यासाठी कोणाची परवानगी घ्यावी, हा विचारही कोणाच्या मनात येत नसे.

मोटारीच्या युगात ही सवय एकदम नाहीशी झाली नाही. त्याचे कारण तांत्रिक आहे. त्या काळची बस वा मालमोटार कारखान्यातून सांगाड्याच्या, म्हणजे चॅसीच्या, रूपात येई. वरचा साज निराळे कारागीर चढवीत. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली, तिचा साज लाकडी होता. पुढे या सेवेने दापोडीसारख्या स्वतःच्या कार्यशाळांत गाड्या बांधविल्या. मागच्या बाजूची शिडी आणि टपावर बांधलेली गाठोडी हे एस.टी.चे चित्र कित्येक पिढ्यांच्या परिचयाचे आहे. येथे टपाचा भार साजाच्या खांबांतून थेट सांगाड्यावर उतरत असे. म्हणून तो पेलला जाई.

जीपची गोष्ट वेगळी होती. युद्धासाठी निर्माण झालेले हे वाहन १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र आणि महंमद (१९४८ पासून महिंद्र आणि महिंद्र) या कंपनीने मुंबईत माझगाव येथे सुटे भाग जोडून तयार करण्यास आरंभ केला. जीपला छप्पर असे ते कापडाचे, लोखंडी कमानींवर ताणलेले. अशा कमानींवर ओझे ठेवता येत नाही. त्यामुळे ज्याला वर सामान न्यावयाचे असे त्याला खालच्या पत्र्याच्या हौद्यापासून स्वतंत्र खांब उभे करून चौकट जोडून घ्यावी लागे. उलट, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीच्या छपराला कडेने पावसाच्या पाण्याची पन्हळ होती. कॅरिअरचे पाय त्या पन्हळीत आवळता येत. ही टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून निघाली, तेव्हा तिच्याबरोबर हे परिचित कॅरिअरही गेले.

फेरफार करणाराच्या नजरेतून बहुधा निसटते ती उंची. उदाहरणादाखल १,२०० किलो वजनाचे वाहन घ्या. त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर आहे असे माना आणि दोन चाकांतील अंतर जुन्या जीपप्रमाणे सुमारे १२४ सेंटिमीटर धरा. छपरावर, १८० सेंटिमीटर उंचीवर, १०० किलो ओझे चढविले की गुरुत्वमध्य सुमारे ६९ सेंटिमीटरवर जातो. वाहन ज्या कलाला उलटू लागेल तो कोन गणिताने ४६ अंशांवरून ४२ अंशांवर येतो. स्प्रिंगांचा लवचिकपणा आणि वळणाचा वेग लक्षात घेता प्रत्यक्षात तो आणखी कमी भरेल. म्हणजे वजन बाराव्या हिश्श्याने वाढले, पण स्थैर्य त्याहून अधिक घटले. गाडीरस्त्याने जनावराच्या पाठीवरून उतरविलेले ओझे कॅरिअरने पुन्हा उंच चढविले, असेच म्हणावे लागेल.

ओझे कोठे ठेवावे हे मालाचे स्वरूपही ठरविते. पेण तालुक्यातील हमरापूर-जोहे परिसर गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. येथील मूर्ती मुंबई-पुण्याकडे जातात त्या ऐन पावसाळ्याच्या सुमारास. ट्रंक किंवा वळकटी छपरावर दोरीने आवळता येते. मूर्तीला दोरीचा ताण सोसत नाही आणि उंचीवरचा हेलकावाही सोसत नाही. तिला टेम्पोचा सपाट हौदा, बंद फाळका, खाली पेंढ्यासारखे मऊ अंथरूण आणि वर ताडपत्री हवी. येथेही वाहन मालासाठी सजविले जाते. परंतु सजावट तात्पुरती, ओझे चाकांच्या जवळ आणि सांगाडा अबाधित. जुन्या तट्ट्या-कमानींच्या परंपरेला हा फेरफार अधिक जवळचा आहे.

कायद्याची वाटचाल या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ ने मूळ रूपात फेरफारापूर्वी नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता आवश्यक केली. मात्र जोडसाहित्यामुळे रिकाम्या वाहनाचे वजन दोन टक्क्यांहून अधिक बदलत नसेल तर मान्यतेची गरज ठेवली नव्हती. वरील उदाहरणातील वाहनाला ही मुभा २४ किलोंची होते. या सवलतीचा निकष वजनाचा होता. ते वजन किती उंचीवर बसविले, हे तीत विचारलेले नव्हते. २००० सालच्या दुरुस्तीने निर्मात्याने मुळात नमूद केलेला तपशील हाच निकष ठरविला आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ काटेकोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने नियमबाह्य फेरफारासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली; आणि त्याबरोबरच केंद्र सरकारने विहित केलेल्या अटींनुसार होणाऱ्या फेरफारांमुळे निर्मात्याची हमी रद्द समजू नये, असेही म्हटले.

या विवेचनावरून दिसते ते असे : वाहन पुरे करण्याचा अधिकार सुतार व गाडीवान यांच्याकडून साज बांधणाऱ्या कारागिराकडे आणि तेथून निर्मात्याकडे सरकत गेला. याचे समर्थन सुरक्षिततेच्या गणितात आहे, आणि ते गणित खोटे नाही. पण प्रदेशाची गरज निर्मात्याला सर्वस्वी कळते असेही नाही; खाचखळग्यांची वाट आणि नाजूक माल यांचे ज्ञान स्थानिक हातांतच असते. या ज्ञानाला सरसकट उल्लंघन समजले, तर सुरक्षितता वाढेलच असे नाही, आणि एक कारागिरी मात्र नोंदीवाचून लोपेल. गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांतून व गाडी बांधणाऱ्यांकडून या कामाची माहिती आजच गोळा करणे, हे म्हणूनच आर्थिक इतिहासाच्या विद्यार्थ्यांचे काम आहे.